खाली काय निघालं, थे तरी सांगा

(नेर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेरला बोलायला उभे राहायचे म्हणजे आमचे पाय अजूनही थोडे लटपटतात. याच गावात पाढा चुकला म्हणून तासभर उभे राहिलो आहोत. फरक एवढाच, की तेव्हा ऐकणाऱ्यांच्या हातात छडी होती.

बोलताना आम्ही 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो, ते मोठेपणाचे नव्हे. शाळेत एका पट्टीवर आम्ही चौघे बसत होतो. नोकरीत एका जीपमध्ये चौघे हिंडत होतो. एकट्याने आम्ही कधी काही केलेच नाही, आणि चुकलो तेही सगळे मिळूनच चुकलो. कापसाच्या भावावर बोलणारे या व्यासपीठावर पुष्कळ येतात आणि आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्हाला कळते ते दगडातले. तुमच्या वावराखालच्या दगडातले.

आम्ही शाळेत होतो तेव्हा नेर दारव्हा तालुक्यात होते. दोन कोसांवरच्या खेड्यातून आम्ही पायी येत होतो. दप्तर म्हणजे धोतराच्या फडक्याची पिशवी. जाता-येता मिलमिलीच्या पात्रात उतरायचे आणि गारगोट्या गोळा करायच्या. काळा गोटा फोडला की आत कधी कधी एक पोकळी निघायची आणि तिच्यात पांढरे, काचेसारखे चमकणारे खडे. आम्हाला वाटे हिरे सापडले. एका पोराने ते सोनाराला दाखवले, तर सोनाराने त्याला चहा पाजून परत पाठवले. पुढे कॉलेजात कळले, की त्या खड्यांना झिओलाइट म्हणतात आणि ते जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आम्ही ते बेचक्यात घालून चिमण्यांना मारत होतो.

भूगोलाचे गुरुजी एक दिवस म्हणाले, "उद्या प्रत्येकाने आपापल्या वावरातला एक दगड आणायचा." दुसऱ्या दिवशी टेबलावर चाळीस दगड पडले. कोणाचा काळा, कोणाचा तपकिरी, कोणाचा भोकाभोकांचा, एकाचा विटेसारखा तांबडा. गुरुजींनी ते रांगेने लावले आणि म्हणाले, "हे सगळे एकाच आगीतून आले." वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण आमचा दगड आमच्या विहिरीतून आणलेला होता आणि त्या दिवसांत आमच्या घरात विहिरीवरून कोणी हसत नव्हते.

ती विहीर 1961 च्या दिवाळीनंतर सुरू झाली. बाबांनी पाणाड्या आणला. जांभळीची बेचकी हातात धरून तो वावरभर फिरला आणि घराजवळच्या उंचवट्यावर थांबला. बेचकी फिरली म्हणाला. नारळ फुटला, वडार लागले. आठ फूट काळी माती, मग चार फूट पिवळट चुनखडीची माती, मग मुरूम. मुरुमाला ओल होती, सगळ्यांना हुरूप आला. पंचविसाव्या फुटाला काळा पाषाण लागला. सब्बल मारली की ठिणगी उडायची. सुरुंग लावले, घन मारले, सत्तेचाळीस फुटांपर्यंत गेलो. पाणी नाही. उन्हाळ्यात तळाशी एक बेडूक होता, तोही वळवाच्या पावसात पडलेला. कर्ज राहिले, व्याज राहिले आणि दोन वर्षांनी ओढ्याकाठचे चार एकर विकावे लागले. आमची माय त्या विहिरीला कधी विहीर म्हणाली नाही. "चार एकराचा खड्डा" म्हणायची.

तुमच्यापैकी किती घरांत असा खड्डा आहे, हात वर करायला आम्ही सांगत नाही.

अकरावीची मॅट्रिक झाली, अमरावतीला बी.एस्सी. केले आणि नागपूरला भूगर्भशास्त्र घेतले. घरच्यांना वाटले पोरगा खाणीत जाईल, वणीकडे कोळशाच्या कामाला लागेल. आमच्या मनात मात्र तो सत्तेचाळीस फुटांचा खड्डा होता. तिथे पहिल्याच वर्षी आमच्याच विहिरीचा दगड आम्ही घासून घासून इतका पातळ केला, की त्यातून उजेड आरपार जावा. मिलिमीटरचा तेहतिसावा भाग. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेरून कोळशासारखा काळा दगड आतून निळा, पिवळा, करड्या पट्ट्यापट्ट्यांचा निघाला. बाबांना बुडवणारा दगड इतका देखणा असेल, असे आम्हाला वाटले नव्हते. रागही आला.

नागपूरचा विषय निघाला म्हणून एक सांगून पुढे जातो. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटलंडचा पाद्री 1845 मध्ये नागपुरात आला. आला धर्मोपदेशाला, पण त्याचा जीव जडला इथल्या दगडांवर. काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात त्याला गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे अवशेष सापडले. म्हणजे एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव नांदले आणि मग दुसरा लाव्हा येऊन त्यांच्यावर पसरला. हा माणूस 1863 मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना भरल्या ओढ्यात बुडून मेला. विदर्भातल्या दगडांवर लिहिलेले किती कागद असे दूरदेशी गेले आणि इंग्रजीतच राहिले! ज्याच्या वावरात दगड आहे त्याच्यापर्यंत ते आले नाहीत. यात आमच्या सारख्यांचाही वाटा आहे, तो पुढे सांगतो.

आता खाली काय आहे ते ऐका. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तापलेला रस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आज उरला आहे तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर, आणि महाराष्ट्राचा पाचातला चार भाग त्याखाली आहे. एकावर एक भाकरी रचाव्या तसे त्याचे थर आहेत. भाकरी भाजताना वरचा पापुद्रा फुगतो, तसा प्रत्येक थराचा वरचा भाग वाफेच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा झाला, आणि पोट घट्ट राहिले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी, गेरूसारखी माती आहे. थर थंड होताना आकसला म्हणून त्याला उभ्या भेगा पडल्या, डबक्यातला चिखल वाळताना पडतात तशा. आपल्याच जिल्ह्यात शिबल्याजवळ रस्त्याचे काम चालू असताना दगडाचे सहा कोनी खांब निघाले आणि लोक म्हणाले, पूर्वी कोणाचा तरी राजवाडा होता. राजवाडा नव्हे, त्या लाव्हाच्याच भेगा होत्या.

याच दगडाचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजून मुरूम होतो, मुरुमाची माती होते. तुमची कापसाची काळी माती म्हणजे हाच पाषाण, पिठासारखा दळलेला. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून त्या भेगा मिटवते. म्हणून ती ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी नुसत्या त्या ओलीवर उभी राहते. पण म्हणूनच ती खाली पाणी सोडायला कंजूष आहे. बरड जमिनीत पीक कमी येते, पाणी मात्र जास्त मुरते. देवाने एकाला एक दिले, दुसऱ्याला दुसरे.

मग पाणी राहते कुठे? मुरुमात राहते, भेगांत राहते आणि भोकाच्या दगडात राहते, पण ती भोके मोकळी असतील तरच. आम्ही सांगितले ते पांढरे खडे भोकात भरलेले असले, की तो दगड दिसतो चाळणीसारखा आणि पाणी देत नाही दमडीचे. घट्ट पाषाणात पाणी नसतेच.

आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा, की "किती खोल गेलं म्हणजे नक्की पाणी लागते?" लोकांची समजूत अशी, की खाली कुठे तरी समुद्र आहे आणि आपण तिथवर पोचत नाही, एवढेच. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतले. 338 मीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. समुद्र कुठेच लागला नाही. आपल्या जिल्ह्यात वणीकडे गेलात तर पाषाणाची चादरच संपते, खालचा चुनखडक आणि कोळसा वर येतो. आणि पांढरकवडा-झरीकडच्या काही गावांत पाणी लागते, पण त्यात फ्लोराइड असते. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले, की पोरांचे दात पिवळे पडतात, पुढे हाडे आखडतात. तेव्हा खोल जाणे म्हणजे चांगले पाणी मिळणे, असा काही नियम जमिनीने केलेला नाही.

आम्ही नोकरीला लागलो 1973 मध्ये, दुष्काळाच्या ऐन भरात. खाते कोणते ते राहू द्या, पाण्याचे होते एवढे पुरे. लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते आणि आम्ही जीपमधून नकाशे घेऊन हिंडत होतो. हवेच्या दाबावर हातोडा मारत छिद्र पाडणारी यंत्रे तेव्हा नवीन होती. ज्या पाषाणाला आमच्या वडारांचे सहा महिने गेले, तो हे यंत्र एका दिवसात भेदायचे. गावोगाव हातपंप आले. आजचा जो हातपंप तुम्ही पाहता, त्याची मुळे जालना आणि सोलापूरकडच्या कारागिरीत आहेत. त्यावरून 1977 च्या सुमारास इंडिया मार्क टू तयार झाला आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला. मायबहिणींच्या डोक्यावरची घागर त्या यंत्रांनी थोडी तरी हलकी केली, हे आम्ही मानतो. पण तेच यंत्र पुढे भाड्याने मिळू लागले. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या आपल्या धुऱ्यापर्यंत आल्या. फुटाला अमुक रुपये. पाणी लागो न लागो, पैसे फुटाचे. कापसात सावकाराचा धंदा असतो तसाच हा. तोटा कोणाचाही होवो, गाडीवाल्याचा होत नाही.

आता आमच्या चुकीचे सांगतो. 1986 ची गोष्ट. दारव्ह्याकडच्या एका गावात एका कास्तकाराने आम्हाला जागा दाखवायला बोलावले. आमच्याजवळ विजेचे यंत्र होते. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि खालून किती अडथळा येतो ते मोजायचे. घट्ट दगड जास्त अडवतो, ओला दगड कमी. चाळीस मीटरच्या सुमाराला अडथळा एकदम उतरला. आम्ही खूण केली, दगडावर चुना टाकला. त्याने बैलजोडी विकून गाडी बोलावली. दोनशे फूट गेले. धूळ निघाली. चाळीस मीटरवर निघाली तांबडी माती. चिकणमातीही वीज कमी अडवते, अगदी पाण्यासारखी. यंत्राला तिच्यातला आणि पाण्यातला फरक कळत नाही. माणसाला कळायला हवा होता. शेजारच्या नाल्याच्या कड्यात तोच तांबडा पट्टा उघडा दिसत होता. आम्ही जीपमधून उतरून तिथवर चालत गेलो नव्हतो. ऊन होते.

आम्ही पाणाड्याला हसत होतो. आमच्या हातात बेचकीऐवजी यंत्र होते एवढेच.

तो कास्तकार रागावला नाही. त्याने चहा केला. आम्ही मान खाली घालून बसलो होतो. तो म्हणाला, "साहेब, पाणी नाही लागलं त नाही लागलं. पण एवढा पैसा खाली घातला. खाली काय निघालं, थे तरी सांगा."

आम्ही सांगितले नाही. नोंदवहीत एक शब्द लिहिला, 'अयशस्वी', आणि निघालो. कोणत्या फुटाला कोणता दगड लागला याचा कागद आमच्याजवळ होता. तो इंग्रजीत होता आणि कचेरीत गेला. वर्षातून चार वेळा आम्ही ठरलेल्या विहिरींत फीत सोडून पाण्याची पातळी मोजत होतो. विहीर शेतकऱ्याची, पाणी शेतकऱ्याचे, फीत सोडताना वाकून बघणारी पोरे शेतकऱ्याची, आणि आकडा आमच्या वहीत. "किती निघालं साहेब?" असे विचारले तर "ठीक आहे" म्हणायचो. पस्तीस वर्षे 'ठीक आहे' म्हणत 2008 मध्ये निवृत्त झालो.

म्हणून आज हिशेब मांडतो. नोकरीत हाच हिशेब आम्ही शेकडो वेळा केला, पण मराठीत एकदाही केला नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस धरा 900 मिलिमीटर. आपल्या मुरमी पाषाणात त्यातला शंभरातला सहा-आठ भाग खाली जातो, भेगा-भोके चांगली असली तर बारा-चौदा. आपण सात धरू. एका एकरात वर्षाला मुरले अडीच लाख लिटर. आता त्याच एकराला पन्नास मिलिमीटरचे एक ओलीत द्या. लागले दोन लाख लिटर. म्हणजे तुमच्या एका एकरात पावसाळाभर मुरलेले पाणी हे एका एकराच्या एका ओलिताला जरा जास्त होते, इतकेच. तुमच्या दहा एकरांतले मुरलेले सगळे पाणी तुमच्याच विहिरीत आले, नाल्यात काहीच वाहून गेले नाही आणि शेजाऱ्याने काहीच ओढले नाही, तर दोन एकरांना सहा ओलिते. तसे होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मुरुमात शंभर घनफुटांत उपसता येणारे पाणी साधारण दोन घनफूट. म्हणून ते अडीच लाख लिटर मुरले, की पाण्याची पातळी दहा फूट चढते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे जेमतेम नव्वद हजार लिटर. अर्ध्या एकराचेही ओलीत होत नाही. बाकीचे येते ते झिरपून, आणि ते शेजाऱ्याच्या वावराखालूनही येते. तीनशे फुटांची बोअर घेतली म्हणजे नवीन पाणी मिळाले असे नव्हे. बहुतेक वेळा तेच वरचे पाणी भेगेतून खाली ओढले जाते. बँकेतले पैसे तेवढेच आहेत, तुम्ही फक्त दुसरी खिडकी उघडली.

सरकारने कायदे केले. 1993 चा कायदा म्हणत होता, पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नका. 2009 चा कायदा म्हणतो, शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जाऊ नका. ज्या रात्री गाडी येते त्या रात्री मीटर मोजायला कोण उभे असते? आमचे मत विचाराल तर 60 मीटरचा आकडा दगडाच्या दृष्टीने फारसा चुकीचा नाही. पण तो शेतकऱ्याला धाक म्हणून सांगितला, कारण म्हणून सांगितला नाही.

जिथे लोकांनी स्वतः मोजले तिथे गोष्ट वेगळी झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार तुम्ही ऐकले असेल. तिथे गावकऱ्यांनी शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि पाऊस किती पडला ते पाहून कोणते पीक किती घ्यायचे ते गावसभेत ठरवू लागले. आंध्रात सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी मोजायला सुरुवात केली. कोणी सक्ती केली नव्हती. गावाच्या भिंतीवर आकडे लिहिले जात आणि ते वाचून ज्याला उमजले त्याने भात सोडून दुसरे पीक घेतले. त्यांनाही पाणी वाढवून मिळाले नाही. पण पीक अर्ध्यावर वाळण्याआधी कळले. ज्याने बियाणे, खत, फवारणी उधारीवर आणली आहे, त्याला हे दोन महिने आधी कळणे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

काम फार नाही. विहिरीच्या काठाला एक पक्की खूण करा. नाडा आणि दगड पुरतो, फीत असली तर उत्तम. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खुणेपासून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा, पंप चालवण्याआधी, सकाळी. पुन्हा जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेअखेर. वही पोराजवळ द्या, शाळेत जाणाऱ्या पोरीजवळ दिली तर अधिक नीट राहील. तीन वर्षांत तुमची विहीर तुम्हाला कळेल, आम्हाला पस्तीस वर्षांत कळली नाही तितकी. आणि विहीर किंवा बोअर चालू असताना दर दहा फुटांना निघालेला दगड मूठभर एका पुडीत बांधून त्यावर फूट लिहा. पाणी लागले तरी आणि नाही लागले तरी. तुमचा पैसा गेला आहे, निदान दगड तरी तुमच्याजवळ राहू द्या. पुढचा खड्डा कुठे खोदायचा नाही, ते त्या पुड्या सांगतील. शेजाऱ्यालाही सांगतील.

त्या कास्तकाराकडे आम्ही निवृत्त झाल्यावर गेलो. जुना कागद मिळवून मराठीत लिहून नेला: सहा फूट माती, वीस फूट मुरूम, मग घट्ट पाषाण, एकशेतीस फुटांना तांबडी माती, खाली पुन्हा पाषाण. तो नव्हता, गेला होता. त्याच्या मुलाने कागद वाचला आणि विचारले, "म्हंजे मुरमातच ओल होती?" होती. गाडीवाल्याने त्या वीस फुटांना लोखंडी पाइप घालून ती बंद केली होती आणि आम्ही शेजारी उभे होतो.

आमच्या बाबांची विहीर अजून आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत आम्ही ते वावर पायाने मोजले. विकलेल्या चार एकरांत, ओढ्याकाठी, खोलगट जागी मुरूम चाळीस फूट जाड आहे. आता तिथे दुसऱ्या घरची विहीर आहे आणि ती मे महिन्यातही आटत नाही. पाणाड्याने उंचवटा दाखवला, कारण घराजवळ विहीर हवी असे बाबांनीच त्याला सांगितले होते. हे मायने आम्हाला फार उशिरा सांगितले.

वेळ झाली. बैठक संपल्यावर आम्ही बाहेर निंबाखाली बसतो. ज्यांनी विहिरीतला दगड आणला असेल त्यांनी दाखवावा. नसेल आणला तर किती फुटांवर काय लागले तेवढे आठवून या.